ॲपवर हवा बरी, घरात धुराचा वास: नाशिकचे वणव्याचे महिने

मार्च लागला की गंगापूर रोड, मखमलाबाद, सातपूर, पाथर्डी फाटा या भागांत एक तक्रार हमखास कानावर येते. रात्री दहा-अकराला जळक्या गवताचा वास येतो, घसा खवखवतो, लहान मूल खोकायला लागतं; मोबाइल उघडून पाहावं तर हवा 'समाधानकारक'. मग नाक खोटं की आकडा खोटा? खोटं कुणीच नाही. नाक आत्ताचं सांगतं आणि आकडा चोवीस तासांचा.

आपल्याकडचा सरकारी एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, पीएम २.५ साठी २४ तासांची सरासरी धरतो. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण. वणव्याच्या धुरातले बहुतेक कण याच मापाचे, किंबहुना एक मायक्रोमीटरच्याही खालचे असतात. आता हिशेब करू. समजा बावीस तास हवेत ३५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर होते आणि रात्रीचे दोन तास धुरामुळे ३००. बेरीज ७७० अधिक ६००, म्हणजे १,३७०. भागिले २४ केलं की ५७. देशाचं २४ तासांचं मानक आहे ६०. म्हणजे कागदावर सगळं मर्यादेत, फक्त पीएम २.५ धरलं तर एक्यूआय साधारण ९५, रंग फिका हिरवा. पण त्या दोन तासांत खिडकी उघडी टाकून झोपलेल्या माणसाच्या छातीत ३०० ची हवा गेली. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस तर २४ तासांसाठी १५ ची आहे.

म्हणून वणव्याच्या दिवसांत एक्यूआयचा गोल आकडा बाजूला ठेवा आणि पीएम २.५ चा तासाचा आकडा बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर केंद्र निवडलं की तासाचे, अगदी पंधरा मिनिटांचेही आकडे काढता येतात. गंगापूर रोडचं केंद्र पश्चिमेकडच्या धुरासाठी जास्त उपयोगाचं. आलेखात संध्याकाळी सातनंतर हळूहळू चढणारी रेघ दिसली तर ती बहुधा रहदारी, चुली आणि थंडावत जाणारी हवा. अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट-तिप्पट उभी चढलेली रेघ मात्र जवळच्या जाळाची असते. पीएम १० (दहा मायक्रोमीटरपर्यंतचे सगळे कण) आणि पीएम २.५ एकत्र बघितले तर आणखी खात्री पटते. धूळ उडाली की पीएम १० एकटा पळतो. धूर आला की दोन्ही जवळजवळ बरोबरीने चढतात, कारण धुरात जाडे कण कमीच असतात.

दोन ॲपांवर दोन आकडे दिसले म्हणून गोंधळू नका. काही खासगी ॲप अमेरिकी मोजपट्टी वापरतात. तिथे ५७ मायक्रोग्रॅमला एक्यूआय दीडशेच्या वर जातो, आपल्या पट्टीवर तोच ९५. मायक्रोग्रॅममधला आकडा मात्र दोन्हीकडे एकच, तोच धरायचा. घरात स्वस्तातलं लेसर सेन्सरवालं यंत्र असेल तर ते धुरात बहुधा दीडपट ते दुप्पट दाखवतं, आणि हवा दमट असली की आणखी फुगवतं. त्याचा नेमका आकडा कुणाला सांगायला वापरू नका. चढतंय की उतरतंय, आतल्या खोलीत किती आणि गॅलरीत किती, एवढ्यासाठी ते उत्तम.

दिवसा लागलेल्या वणव्याचा त्रास रात्रीच का होतो? एप्रिलच्या दुपारी जमीन तापते, हवा वर उसळते आणि धूर दोन किलोमीटरपेक्षाही उंच थरात मिसळतो. सूर्य मावळला की जमीन झपाट्याने निवते, तिला चिकटलेली हवा गार आणि जड होते, वर मात्र उबदार थर राहतो. धुराला वर जायला वाटच उरत नाही. जो धूर २,००० मीटर उंचीत पसरला असता तो २०० मीटरमध्ये कोंडला, तर तेवढ्याच जाळाची हवा दहापट दाट होते. त्यात आपली भूरचना अशी, की ब्रह्मगिरी आणि अंजनेरी १,२०० मीटरच्या वर आणि शहर सहाशेच्या आसपास. रात्रीची गार हवा उतार धरते, गंगापूर धरणाच्या पाण्यावरून, गोदावरीच्या पात्राने खाली सरकते. नदीकाठच्या आनंदवल्ली-गंगापूर रोड पट्ट्यात वास आधी आणि जास्त वेळ राहतो, तो यामुळेच.

उन्हाळ्यात दुपारनंतरचा वारा बहुतेक पश्चिमेचा. त्र्यंबकेश्वर शहरापासून अठ्ठावीसेक किलोमीटर. ताशी ११ किलोमीटरचा वारा असेल तर संध्याकाळी सहाला तिकडे उठलेला धूर साडेआठच्या सुमारास इकडे पोहोचतो. तिकडून कुणी डोंगर पेटल्याचा फोटो टाकला, की आपल्याकडे खिडक्या आवरायला दोन-अडीच तास असतात.

आता धूर कुठून येतो ते बघू. वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी जाळरेषा काढायच्या असतात, म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा गवत-पाचोळा काढून मोकळा करायचा. आपल्याकडचे वणवे जवळजवळ सगळे माणसाच्या हातून लागतात. नवं गवत चांगलं फुटेल म्हणून डोंगर पेटवणं, मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळणं, फेकलेली विडी, ट्रेकला गेलेल्यांनी न विझवता सोडलेली शेकोटी. बांबू घासून आग लागते ही समजूत कितीही पक्की असली, तरी ब्रह्मगिरीच्या गवताळ उतारावर ती लागू पडत नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे.

सुकं गवत भडाभडा जळतं आणि तासा-दोन तासांत संपतं. ज्वाळा मोठ्या दिसतात, पण चांगल्या जळणाऱ्या आगीत धूर तुलनेने कमी. खरा धूर मागाहून येतो. वठलेला बुंधा, जाड ओंडका, पाचोळ्याचा खालचा ओलसर थर, शेणखताचा ढीग ज्वाळेशिवाय धुमसत राहतात, कधी दोन-तीन दिवस. अर्धवट जळण्यात किलोमागे कण आणि कार्बन मोनॉक्साइड कितीतरी जास्त निघतात, शिवाय फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलिनसारखे डोळे चुरचुरवणारे वायू. 'आग विझली' असा मेसेज आल्यावरही पुढच्या दोन रात्री वास येतो तो या धुमसण्याचा. म्हणून वणवा विझवायला जाणाऱ्यांनी ज्वाळा झोडपून परत फिरू नये. धुमसते बुंधे उकरून, माती आणि पाणी घालून, हाताला ऊब लागत नाही इतपत गार करणं हे शहराच्या हवेसाठी सर्वांत मोलाचं काम आहे, आणि नेमकं तेच दमलेल्या हातांनी सुटतं.

डोंगराइतकाच धूर शिवारातून येतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडे नागली-भाताच्या रोपांसाठी राब भाजतात: शेणी, फांद्या, पाचोळा, गवत यांचे थर, वर माती, आणि मग जाळ. मातीखाली हवा कमी मिळते म्हणून तो धुमसतोच, तशी रचनाच असते त्याची. या शेतकऱ्याला शहरातून दोष देणं मला पटत नाही. राबामुळे तणाचं बी मरतं, राखेतून रोपाला अन्न मिळतं आणि पर्यायाला हात लागतात. पण पर्याय आहेत. गादीवाफ्यावर रोपं करून तण काढणं हा एक. रोपवाटिकाच न करता टोकणीने भात लावायचं सगुणा भात तंत्र हा दुसरा, त्यात राबाचा प्रश्नच येत नाही. भाजायचाच असेल तर सामग्री पूर्ण वाळलेली, ढीग पातळ, भोवती दहा फूट जमीन खरवडलेली, पाण्याचे दोन पिंप जवळ, आणि वेळ सकाळी नऊनंतरची. भर दुपारी वारा सुटला की ठिणगी डोंगरावर जाते, संध्याकाळी पेटवलं की सगळा धूर वस्तीत बसतो. मधली तीन-चार तासांची सोयच दोन्ही बाजूंनी बरी.

द्राक्षबागांचं तसंच. मार्चअखेर-एप्रिलची खरड छाटणी नेमकी वणव्याच्या दिवसांत येते. नुकत्या छाटलेल्या काडीचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं. ती बांधाला ढीग करून चार दिवसांत पेटवली की आधी पाणी उकळतं, जाळ तापत नाही, आणि पांढरा दाट धूर तासन्‌तास निघतो. मिलीबग ही कीड किंवा भुरीची बुरशी राहू नये म्हणून जाळतो असं बागायतदार सांगतात. रोगट ओलांडे (वेलीच्या आडव्या जाड फांद्या), खोडाची सुटलेली साल वेगळी काढून ठेवावी, ते खरं. बाकीची काडी ट्रॅक्टरच्या श्रेडरने बारीक करून सरीत आच्छादन करता येते किंवा शेणकाल्याबरोबर कुजवता येते. उसाच्या पाचटाचंही हेच.

वाइनच्या द्राक्षांना तर धुराचा थेट फटका बसू शकतो. रंग फिरल्यापासून काढणीपर्यंत मणी सर्वांत नाजूक. धुरातली ग्वायाकॉलसारखी द्रव्यं सालीतून आत जाऊन साखरेला बांधली जातात, मणी चाखून कळत नाहीत आणि आंबवताना मोकळी होऊन वाइनला राखेची चव देतात. पाण्याने धुऊन ती जात नाहीत. आपली काढणी जानेवारी ते मार्च, म्हणजे हंगामाची सुरुवातच. शेजारच्या बांधावर काय पेटतंय याकडे लक्ष ठेवायला हे कारण पुरेसं आहे.

आग कुठे आहे हे घरबसल्या बघायला नासाचा फर्म्स नकाशा आणि भारतीय वन सर्वेक्षणाचं वनअग्नी पोर्टल आहे. त्यावरचे लाल ठिपके बघताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे ठिपके टिपणाऱ्या उपग्रहांवरच्या व्हीआयआयआरएस सेन्सरचा एक चौकोन ३७५ मीटरचा. ठिपका त्या चौकोनाच्या मध्यावर उमटतो, आग त्यात कुठेही असू शकते. आणि हे उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि पहाटे दीडच्या आसपास जातात. संध्याकाळी पाचला लागून रात्री दहाला संपलेला गवताचा वणवा त्यांना दिसतच नाही. ठिपका नाही म्हणजे आग नाही, असं समजू नका.

इंटरनेट नसेल तर गच्ची आहे. पांडवलेणी, चामरलेणी, रामशेज, अंजनेरी यांपैकी आपल्या गच्चीवरून काय दिसतं ते एका स्वच्छ दिवशी बघून ठेवा आणि नकाशावर सरळ अंतर मोजा. आठ किलोमीटरवरचा डोंगर पुसट झाला तर दम्याच्या, हृदयविकाराच्या रुग्णांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी आत यावं. पाच किलोमीटरवरचं दिसेनासं झालं तर सगळ्यांनीच बाहेरचा व्यायाम थांबवावा. दीड किलोमीटरवरचंही दिसत नसेल तर हवा धोकादायक आहे. ही पद्धत कोरड्या हवेतच चालते. पहाटेच्या धुक्यात किंवा धुळीच्या वावटळीत फसते.

गॅलरीत किंवा वाळत घातलेल्या कपड्यांवर गवताच्या पात्याच्या आकाराची काळी राख पडली, तर आग जवळ आहे आणि वारा तुमच्याकडे आहे. ती राख स्वतः फुप्फुसात खोल जात नाही, फार जाडी असते. तिच्याबरोबर आलेलं न दिसणारं जातं.

आता घर. नाशिकमध्ये सर्वांत मोठी चूक होते ती कूलरची. डेझर्ट कूलर बाहेरची हवा ओल्या गवतातून किंवा हनीकोम्ब पॅडमधून ओढतो. ओल्या पॅडवर धूळ आणि केसाएवढे तंतू अडकतात म्हणून लोकांना वाटतं हवा गाळली जाते. पॅड हातात घेऊन उजेडासमोर धरा: आरपार दिसणाऱ्या वाटा मिलिमीटरच्या आहेत, धुराचा कण त्याच्या हजारपटीहून बारीक. पाण्याला चिकटायच्या आत तो हवेबरोबर वळून निघून जातो. त्यातून कूलर खोलीतली सगळी हवा काही मिनिटांत बदलतो. धुराच्या रात्री खिडकीतला कूलर म्हणजे खोलीत धूर भरायचा पंप. तो बंद करा, त्याच्या खिडकीची फट जाड प्लास्टिक आणि चिकटपट्टीने झाका, आणि छताचा पंखा लावा. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, तो चालेल. विंडो एसीला बाहेरची हवा घ्यायची छोटी खिटी असते, ती बंद करून घ्या. स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा एक्झॉस्ट पंखाही बंद ठेवा. तो जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढीच फटीफटीतून आत ओढतो.

सगळं घर बंद करायच्या फंदात पडू नका. स्लायडिंगच्या खिडक्या ब्रशपट्टीतून गळतातच. सर्वांत कमी खिडक्यांची एक खोली निवडा, दाराखाली ओला टॉवेल लावा, घरातली आजारी आणि लहान माणसं तिथे झोपवा. त्या खोलीत उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल नको. बंद खोलीत एक कॉइल बाहेरच्या धुराइतकीच हवा खराब करते, मच्छरदाणी बांधा. खमंग फोडणी आणि तळण दुसऱ्या दिवशी. आणि खोली असह्य तापली, म्हातारं माणूस घामेघूम होऊन गळल्यासारखं झालं, तर खिडकी उघडा. उष्माघात धुरापेक्षा लवकर जीव घेतो.

एअर प्युरिफायर घ्यायचा तर डब्यावरचे चौरस फूट बघू नका, सीएडीआर बघा, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा. बारा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे १,२०० घनफूट, ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर १७० घनमीटर प्रति तास हवेत. पण जाहिरातीतला आकडा सर्वांत वरच्या वेगाचा असतो आणि त्या आवाजात कुणी झोपत नाही. ३०० चं यंत्र घेऊन मधल्या वेगावर चालवा. वास येत राहिला म्हणून फिल्टर वाया गेला असं नाही. प्युरिफायरमधला हेपा हा बारीक कणांचा फिल्टर कण अडवतो, वायू नाही, आणि त्यातला कोळशाचा पातळ थर फार काळ पुरत नाही.

घरच्या घरी करायचं असेल तर चार सपाट फिल्टर उभे करून चौकोनी खोकं, खाली पुठ्ठा, वर भोक पाडलेला पुठ्ठा आणि त्यावर हवा वर फेकणारा बारा इंची एक्झॉस्ट पंखा. फिल्टर एफ७ (बारीक कण अडवणारा दर्जा) किंवा त्यावरच्या दर्जाचे, दोन ते चार इंच जाडीचे. सातपूर-अंबडला एसीच्या सामानाच्या दुकानात फक्त 'एसी फिल्टर' मागितला तर १० मायक्रॉनचा प्री-फिल्टर हातात पडतो. तो धुराला निरुपयोगी. फ्रेमवरचा बाण खोक्याच्या आत हवा. सगळ्या कडा चिकटपट्टीने बंद करा, मग पातळ टिश्यूची पट्टी कोपऱ्यांपाशी धरून बघा. ती आत ओढली गेली तर तिथे गळती आहे. पंख्याच्या पात्यांवर जाळी आणि वायरला अर्थिंग हवंच. पहिला अर्धा तास मोटर फार तापत नाही ना ते हात लावून तपासा.

मास्क एन-९५ किंवा आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा एफएफपी२. ओला रुमाल, ओढणी, सर्जिकल मास्क यांतून बारीक कण जातात. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असलेला मास्क कानाला अडकवायच्या मास्कपेक्षा घट्ट बसतो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत न्या; एका हाताच्या चिमटीने दाबली की मधे कोन होतो आणि तिथून हवा डोळ्यांकडे सुटते. चष्म्यावर वाफ आली तर पुन्हा बसवा. दाढीवर तो बसत नाही.

दम्याच्या रुग्णाने हंगामाआधी इनहेलर संपत आला नाही ना ते बघावं, रोजचा इनहेलर बरं वाटतं म्हणून सोडू नये. पीक फ्लो मीटर (फुंकेचा जोर मोजायचं छोटं यंत्र) असेल तर स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली आला की डॉक्टरांनी दिलेली योजना सुरू, ५० खाली आला की सरळ दवाखाना. बोलताना वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर, छातीत दाब: १०८ लावा.

डोंगरावर आग विझवायला जाणाऱ्यांसाठी मास्क पुरेसा नाही, कार्बन मोनॉक्साइड त्यातून आरपार जातो. डोकं ठणकू लागलं, मळमळलं की मागे फिरा. आगीच्या वरच्या उताराला कधीही उभं राहू नका. चढावर दर दहा अंशांना तिचा वेग साधारण दुप्पट होतो. जळून काळ्या झालेल्या बाजूने काम करा, अंगावर सुती कपडे, नायलॉन नको.

आग दिसली की वनखात्याचा १९२६ लावा. 'ब्रह्मगिरीवर आग' एवढ्याने पथकाला वाट सापडत नाही. जवळचं गाव किंवा पाडा, डोंगराची कुठली बाजू, आग वर सरकतेय की खाली, वारा कुठला, गाडी कुठवर जाते, हे सांगा आणि फोनमधलं लोकेशन पाठवता आलं तर पाठवा.

सकाळी उठल्या उठल्या खिडक्या उघडू नका. आकाश निळं दिसलं तरी कोंडलेला थर बहुधा नऊ-दहापर्यंत मोडत नाही, तासाचा आकडा तेव्हा घसरू लागतो. तो आदल्या दुपारच्या पातळीवर आला की सगळं घर आरपार उघडा, पंखे लावा, तासभर तसंच राहू द्या. गॅलरीतली राख झाडूने उडवू नका. आधी पाणी शिंपडा, मग ओल्या फडक्याने पुसा. पाण्याच्या टाकीचं झाकण आणि सोलरच्या काचाही त्याच दिवशी पुसून घ्या, आणि प्युरिफायरची बाहेरची जाळी धुऊन, पूर्ण वाळवूनच परत बसवा.